पाणी उडाल्यावरचा रंग

ज्वारीची भाकरी तव्यावर पडली की करणारीचा हात आपसूक पाण्याच्या वाटीत जातो. वरच्या कोरड्या अंगावरून ओला हात फिरतो, ते पाणी सुकत आलं की भाकरी उलटते, आणि दुसरं अंग भाजून झालं की ती तव्यावरून उतरून थेट आचेवर टम्म फुगते. पाण्याचा हात फिरवायचा राहिला तर भाकरी पिठूळ होते, तिला भेगा पडतात. पाणी सुकायच्या आत उलटली तर तव्याला चिकटते. पाणी आधी हवं आणि वेळेवर ते जायलाही हवं. एवढ्याशा वेळात भाकरीवर दोन वेगळी कामं उरकली जातात. पहिलं पाण्याच्या मदतीने होतं, त्यात पीठ शिजतं. दुसरं पाणी उडाल्यावर सुरू होतं. त्यात रंग येतो, वास सुटतो, भाकरी खरपूस होते. या दोन कामांची वाटणी कशी झाली यावर ती भाकरी पुढे पोटात किती वेगाने साखर होणार हे बरंचसं ठरतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असल्याने मला आताशा या वाटणीत जरा जास्तच रस वाटू लागला आहे.

पदार्थात भरपूर पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. म्हणून उकडीचा मोदक पांढराशुभ्र राहतो आणि तळणीचा तांबूस होतो. म्हणून भात वर पांढरा असतो आणि पातेल्याच्या बुडाशी, जिथलं पाणी सर्वांत आधी आटतं, तिथे लालसर खरवड धरते. पावाची कड तपकिरी आणि आतला गर पांढरा, तेही यामुळेच. भट्टी दोनशे अंशांच्या पुढे तापलेली असली तरी गराने शंभरी ओलांडलेली नसते. तांबूस रंग दिसला की समजावं, इथलं पाणी गेलं आणि त्यानंतरही आच चालू राहिली.

या रंगामागची मुख्य अभिक्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच वैद्य-रसायनज्ञाच्या नावाने ओळखली जाते. मायार १८७८ साली जन्मला, नान्सीमध्ये शिकला आणि पुढे पॅरिस व अल्जीअर्सला शिकवत होता. स्वयंपाकघराशी त्याचा संबंध जेवण्यापुरता असावा. शरीरात अमिनो आम्लं एकमेकांना जोडून प्रथिनं कशी तयार होतात, या प्रश्नाचा माग काढताना त्याने अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली. द्रावण आधी पिवळं झालं, मग तपकिरी. १९१२ मध्ये त्याने हे निरीक्षण फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडलं. आपल्या अभिक्रियेचे धागे शरीरशास्त्रापासून जमिनीतल्या ह्युमसपर्यंत पोहोचतील, असा त्याचा होरा होता. त्या होऱ्याकडे पुढची काही दशकं फारसं कुणी पाहिलं नाही.

मायारची आठवण झाली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी वाळवलेलं अन्न, विशेषतः अंड्याची भुकटी, साठवणीत तपकिरी पडायची आणि तोंडात घालवत नसे. भाजलेल्या पदार्थावर हाच रंग आपल्याला हवा असतो, भुकटीच्या डब्यात तो नको होता. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन हॉज या कृष्णवर्णीय रसायनज्ञाने १९५३ साली वाळवलेल्या अन्नाच्या निमित्ताने या सगळ्या गुंत्याचा आराखडा मांडला. साखरेचा रेणू आधी प्रथिनातल्या अमिनो गटाला चिकटतो. मग तो जोड आतल्या आत आपली रचना बदलतो, ज्याला मारिओ अमादोरी या इटालियन रसायनज्ञाचं नाव आहे. मग तो तुटतो, फुटतो, पुन्हा जुळतो आणि शेकडो नवी रसायनं तयार होतात. त्यांतली काही हवेत जातात, तो वास. काही मोठी होऊन बसतात, तो रंग. अन्नशास्त्राचे विद्यार्थी आजही हॉजचा तोच आराखडा गिरवतात.

या गोष्टीत स्टार्च कुठे आहे? तो कडेला उभा आहे. मायारच्या अभिक्रियेला मोकळं टोक असलेली साखर लागते. स्टार्चच्या एका रेणूत ग्लुकोजचे शेकडो ते लाखो दुवे असतात आणि एवढ्या सगळ्यांत असं मोकळं टोक एकच. त्यामुळे तांबूस होण्याचं काम पिठातल्या थोड्याशा सुट्या साखरा आणि प्रथिनं करतात, स्टार्च बहुतांशी बघ्याच्या भूमिकेत राहतो. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ साध्या नाचणीपेक्षा लवकर रंग धरतं, कारण मोड येताना दाण्याने स्वतःच थोडा स्टार्च तोडून साखर मोकळी केलेली असते. तेव्हा पदार्थाचा रंग आणि त्यातल्या स्टार्चचं नशीब या दोन वेगळ्या घटना. फक्त दोघी एकाच आचेवर घडतात आणि दोघींची किल्ली पाण्याकडे आहे.

दाण्यात स्टार्च बारीक कणांच्या रूपात असतो. कणाच्या आत रेणू इतके दाटीने, शिस्तीने रचलेले असतात की आपल्या लाळेतल्या आणि स्वादुपिंडातल्या अमायलेज या एन्झाइमला आत शिरायला फारशी जागा मिळत नाही. पुरेसं पाणी आणि साधारण ६० ते ७५ अंशांची उष्णता मिळाली की हे कण पाणी पिऊन फुगतात, रचना ढासळते, रेणू मोकळे होतात. पीठ शिजणं म्हणजे रसायनाच्या भाषेत हेच. विरी गेलेल्या जुन्या पिठाची भाकरी थापताना मोडू लागली की बायका पिठात आधणाचं पाणी ओततात, तेव्हा त्या थापण्याआधीच थोडा स्टार्च फुलवून घेत असतात. फुललेल्या स्टार्चवर अमायलेज तुटून पडतं. मऊ भात, पातळ पेज, ताजा पांढरा पाव यांच्यातला ग्लुकोज झटपट रक्तात पोहोचतो तो यामुळे.

कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याची क्रमवारी, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली मांडली. पुढे हान्स इंग्लिस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये स्टार्चचीच तीन गटांत विभागणी केली. प्रयोगशाळेत एन्झाइमसोबत ठेवल्यावर पहिल्या २० मिनिटांत तुटतो तो झटपट पचणारा, २० ते १२० मिनिटांत तुटतो तो सावकाश पचणारा, आणि त्यानंतरही शिल्लक राहतो तो न पचणारा. या तिसऱ्याला पूर्वी वाया गेलेलं अन्न समजत. आता कळतं की तो मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून तयार होणारं ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं आवडतं इंधन आहे.

या विभागणीच्या चष्म्यातून बेकरीची बरणी पाहिली तर गंमत वाटते. साध्या बिस्किटाच्या पिठात पाणी जेमतेम असतं, तूप आणि साखर त्यातलंही थोडं अडवून धरतात, भट्टीत उरलंसुरलं पाणी उडतं. स्टार्चचे बरेच कण न फुलता तसेच राहतात आणि त्यातला बराच स्टार्च सावकाश पचणाऱ्या गटात जमा होतो. चहात बुडवून खाल्लेल्या बिस्किटातला स्टार्च शेजारच्या ताज्या पावातल्या स्टार्चपेक्षा धीमा निघतो. अर्थात त्याच बिस्किटातली साखर आणि तूप आपला हिशेब वेगळा मागतातच. मधुमेह्याने या वाक्याचा परवाना करून घेऊ नये.

पावाचंही तसंच आहे. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात २००८ साली दहा निरोगी माणसांना पांढरा पाव वेगवेगळ्या तऱ्हांनी खायला दिला. घरी केलेला ताजा पाव खाल्ल्यावर रक्तातली साखर जितकी चढली, त्यापेक्षा तोच पाव टोस्ट करून दिल्यावर सुमारे पाव हिश्शाने कमी चढली. आधी गोठवून, वितळवून मग टोस्ट केलेल्या पावाने त्याहून कमी. हा मान रंगाला द्यायचा मोह होतो. पण गोठवल्याने पाव तांबूस होत नाही, तरी साखरेची चढण कमी झाली. शिजून मोकळे झालेले रेणू थंड होताना पुन्हा एकमेकांना बिलगतात, पाणी बाहेर टाकतात आणि काही ठिकाणी अशी घट्ट रचना करतात की अमायलेजचं तिथे चालत नाही. पाव शिळा होतो तेव्हा आणि भाकरी रात्रभर दुरडीत राहते तेव्हा हेच घडतं. तपकिरी रंगद्रव्यं स्वतः अमायलेजचं काम मंद करतात, असं परीक्षानळीत दिसतं खरं. पण टोस्टचा रंगलेला थर किती पातळ असतो ते पाहिलं की त्याच्यावर फार भिस्त ठेवावीशी वाटत नाही. काम करतो तो कोरडेपणा. रंग त्याची साक्ष देतो.

या कोरडेपणाचं टोक पाहायचं तर सोलापूरला जावं. तिथली कडक भाकरी पापडाइतकी पातळ थापतात, भाजतात, आणि मग मंद आचेच्या आसपास ठेवून तिच्यातला ओलावा पुरता घालवतात. अशी भाकरी महिनोन्‌महिने टिकते. आता बचतगटांच्या बायका तिची पाकिटं करून विकतात आणि पुण्या-मुंबईकडचे लोक ती आमटीत कुस्करून खातात. टिकण्यासाठी केलेली ही युक्ती आहे, साखर आवरण्यासाठी नव्हे. पण एकदा शिजून, मग आटून, निवून, कडक झालेला तिच्यातला स्टार्च ताज्या मऊ भाकरीतल्या स्टार्चइतका पटकन हाती लागत नसणार, हे रसायन ठाऊक असलं की सहज पटतं. त्यात ज्वारी मुळातच जरा अडेल. तिच्यातलं काफिरिन नावाचं प्रथिन स्टार्चच्या कणांना वेढून असतं, आणि ओल्या आचेवर शिजताना ते सैल पडायच्या ऐवजी अधिकच घट्ट जखडतं.

माझी आत्या बार्शीला असते. तिची थालिपिठाची भाजणी आमच्या सगळ्या नात्यात जाते. धान्यं धुऊन, सावलीत वाळवून ती प्रत्येक धान्य वेगळं भाजते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे, सगळं निरनिराळं. एकदा मी वेळ वाचवायला दोन घाणे एकत्र करू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “अगं, तांदूळ लगेच धरतो, हरभऱ्याला वेळ लागतो. एकत्र केलंस तर एक कच्चं राहील नाहीतर दुसरं जळेल.” पुढे जे वाचलं त्यात या एका वाक्याचाच विस्तार होता. डाळींत प्रथिनं जास्त, धान्यांत स्टार्च जास्त, सुट्या साखरांचं प्रमाण प्रत्येकात वेगळं, दाण्याचा आकार आणि आतला ओलावा वेगळा. प्रत्येकाचा तांबूस होण्याचा क्षण त्यामुळे वेगळा येतो.

कोरड्या भाजण्यात स्टार्चला फुलायला पाणीच मिळत नाही. कण बहुतांशी अखंड राहतात आणि आच वाढली की आतल्या आत रेणूंचे तुकडे पडू लागतात. या तुकड्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. १८२१ साली डब्लिनकडच्या एका कापड गिरणीला आग लागली, साठवलेला स्टार्च होरपळला आणि तो पाण्यात विरघळून चांगला चिकट होतो हे कामगारांच्या लक्षात आलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. पुढे पोस्टाच्या तिकिटांमागे आणि पाकिटांच्या कडांना हाच डिंक लागला. भाजलेल्या पिठाचा हा गुणधर्म आपल्याही हाताला माहीत आहे. रवा नीट भाजला की शिरा मोकळा होतो, कच्चा राहिला की त्याचा गोळा बसतो. रेणूंचे तुकडे झाले, की पाणी धरून घट्ट होण्याची पिठाची ताकद कमी होते.

तुकडे झाले म्हणजे पचन सोपं झालं, असं वाटेल. काही अंशी ते होतंही. पण त्याच कोरड्या आचेत आणखी एक गोष्ट घडते. सुटलेले तुकडे पुन्हा जोडले जातात आणि जोडताना जुनी पद्धत पाळत नाहीत. दाण्यातल्या स्टार्चमध्ये ग्लुकोजचे दुवे ठरावीक दोन प्रकारे जोडलेले असतात, आणि आपल्या एन्झाइमना तेवढेच दोन प्रकारचे सांधे उघडता येतात. आचेत तयार झालेले नवे सांधे त्यांना अनोळखी असतात. एन्झाइम तिथे पोहोचतं, अडतं आणि तो तुकडा तसाच पुढे मोठ्या आतड्याकडे जातो. जपानमध्ये हीच गोष्ट उद्योगाच्या पातळीवर केली जाते. मक्याच्या स्टार्चला थोडं आम्ल घालून कोरडं भाजतात, एन्झाइमने पचण्याजोगा भाग काढून टाकतात आणि उरलेला न पचणारा डेक्स्ट्रिन तंतुमय घटक म्हणून शीतपेयांत घालतात. आत्याच्या कढईत आच तेवढी चढत नाही आणि चढूही नये. त्यामुळे भाजणीत असे सांधे झालेच तर थोडे. शिवाय भाजणीने जे कमावलं त्यातलं बरंचसं थालीपीठ भिजवताना पाणी परत घेतं. कांद्याचा ओलावा, भिजवलेलं पीठ, तव्यावरचं झाकण, या सगळ्यात उरलेले अखंड कण पुन्हा फुलतात. थालीपीठ पोटाला सावकाश लागतं त्याचं श्रेय डाळी, कोंडा आणि तेलाला अधिक आहे. भाजण्याचं श्रेय चवीत आहे, आणि ते काही कमी नाही.

रंगावर विसंबून राहता येत नाही, हे सर्वांत चांगलं शिकवते ती लाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडतात तेव्हा कढई चांगलीच तापलेली असते. मक्याचा दाणा फुटतो तेव्हा त्याच्या आतलं तापमान १८० अंशांच्या घरात असतं. तरीही लाही फुलासारखी पांढरी. कारण कवचाने आतलं पाणी शेवटच्या क्षणापर्यंत अडवून धरलेलं असतं. बंद दाण्यात दाबाखाली ते पाणी स्टार्चला संपूर्ण फुलवतं, कवच फुटतं आणि फुललेला स्टार्च फेसासारखा बाहेर येऊन जागीच सुकतो. हाताला लाही अगदी हलकी, त्यामुळे “लाह्या खा, हलक्या असतात” असा सल्ला आजाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला. आजाऱ्यासाठी तो बरोबरच आहे. लाह्यांचा स्टार्च पुरता उघडलेला असल्याने झटपट पचतो. साखर सांभाळणाऱ्यासाठी नेमकी तीच गोष्ट अडचणीची. चुरमुरे आणि फुगवलेल्या तांदळाचे पदार्थ ग्लायसेमिक इंडेक्सच्या यादीत वरच्या पट्टीत बसतात. एवढ्या कडक आचेतून गेलेला पदार्थ पांढरा राहतो आणि झटपट साखर होतो, एवढं समजलं की आचेपेक्षा पाण्याचा हिशेब महत्त्वाचा हे पक्कं होतं.

मायारचा होरा शरीरशास्त्राबाबत खरा ठरला तो तेहरानमध्ये. सॅम्युअल राहबर हे इराणी वैज्ञानिक १९६८ साली रक्ताचे नमुने तपासत असताना त्यांना मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा भाग वाढलेला दिसला. पुढे उलगडा झाला की रक्तातला ग्लुकोज कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय हिमोग्लोबिनला चिकटतो आणि मग त्या जोडाची अमादोरीच्या पद्धतीने पुनर्रचना होते. भाकरीच्या तव्यावरच्या अभिक्रियेच्या या पहिल्या दोन पायऱ्या. भाकरीवर त्या क्षणांत उरकतात, रक्तात ३७ अंशांवर, पाण्यात बुडालेल्या अवस्थेत, आठवडे लागतात. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, तेवढ्या काळात जितकी साखर रक्तातून गेली त्याची नोंद हिमोग्लोबिन एखाद्या वाण्याच्या खतावणीसारखी ठेवत जातं. एचबीए१सी नावाची तपासणी म्हणजे त्या खतावणीची बेरीज. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठा, ६.५ म्हणजे घरात प्रवेश. माझा आकडा ६.१ आला.

आत्याला मी फोनवर हे सगळं समजावलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे तुझं रक्त भाजायला लागलंय म्हण की. मग आच कमी कर.” हसू आलं, पण तिचा मुद्दा रसायनाच्या दृष्टीने अचूक होता. शरीरात आच कमी करायची सोय नाही, ३७ अंश ठरलेले आहेत. वेळ कमी करता येत नाही, पेशी आपलं आयुष्य पुरं करणारच. पाणी काढून घेता येत नाही, घालून उपयोग नाही. हातात उरते एकच गोष्ट, रक्तात एका वेळी किती साखर सोडायची. वयाबरोबर डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं पिवळट, मग तपकिरी होत जातात, रक्तवाहिन्यांतलं कोलॅजन ताठरतं, त्यातही याच अभिक्रियेचा वाटा असतो. सर्वांच्याच बाबतीत हे थोडं थोडं होत राहतं. साखर वाढली की वेग वाढतो. ताटातल्या स्टार्चला सावकाश सोडणं म्हणजे आपल्याच प्रथिनांवर रंग चढण्याचा वेग कमी करणं.

मग सगळं काळसर होईपर्यंत भाजावं का? त्याचं उत्तरही रक्तानेच दिलं आणि ते स्वीडनमधून आलं. १९९७ साली दक्षिण स्वीडनमध्ये हालँड्सोस इथल्या रेल्वे बोगद्यात गळती बुजवायला अ‍ॅक्रिलामाइड असलेलं रसायन वापरलं गेलं. ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाईंचे पाय लुळे पडले. कामगारांच्या हिमोग्लोबिनला किती अ‍ॅक्रिलामाइड चिकटलंय हे तपासताना शास्त्रज्ञांना नवल वाटलं, कारण ज्यांचा बोगद्याशी काहीच संबंध नव्हता त्यांच्याही रक्तात ते थोड्या प्रमाणात होतं. शोध घेत घेत माग स्वयंपाकघरात पोहोचला. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की बटाट्याचे वेफर्स, फ्रेंच फ्राइज, कडक भाजलेले पाव आणि बिस्किटं यांत अ‍ॅक्रिलामाइड असतं. अ‍ॅस्पराजिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांच्या वर कोरड्या वातावरणात भेटली की मायारच्याच वाटेने ते तयार होतं. माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या रसायनांच्या वरच्या गटात त्याला १९९४ मध्येच घातलेलं होतं. युरोपीय संघाने २०१८ पासून खाद्य उद्योगाला त्याचं प्रमाण कमी ठेवण्याचे नियम लावले आहेत. बटाटा फार थंडीत साठवला की त्यात साखर वाढते आणि तळताना तो लवकर गडद होतो, म्हणून वेफर्सवाल्यांचा बटाटा निराळ्या तापमानाला ठेवतात आणि घरातला बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात.

आणखीही एक किंमत आहे. मायारच्या अभिक्रियेत प्रथिनातलं लायसिन हे अमिनो आम्ल सर्वांत आधी अडकतं आणि एकदा पुरतं अडकलं की शरीराला ते वापरता येत नाही. धान्यांत लायसिन मुळातच कमी असतं, डाळी ती उणीव भरून काढतात. भाजणीत डाळी काळपट होऊ दिल्या, तर ज्यासाठी त्या मिसळल्या त्यातलाच काही भाग कढईत संपतो. आत्या हरभऱ्याची डाळ मंद आचेवर, सारखी हलवत, बदामी होताच उतरवते. तिला लायसिन ठाऊक नाही. जळकट भाजणीची कडवट चव तिला ठाऊक आहे, आणि या बाबतीत जीभ आणि प्रयोगशाळा जवळजवळ एकाच ठिकाणी रेघ मारतात.

मला दिलेल्या आहाराच्या तक्त्यात धान्याचं नाव आहे आणि नगांची संख्या आहे. नाश्त्याला लाह्या चालतील, दुपारी दोन भाकऱ्या, भात अर्धी वाटी. तक्ता चुकीचा म्हणता येणार नाही, तो अपुरा आहे. ज्वारीच्या एका मापाची लाही करा, मऊ भाकरी करा, सोलापुरी कडक भाकरी करा किंवा भाजून भाजणीत घाला. तक्त्यात चारही जागी ज्वारीच लिहिलेली असेल, पण पोटात पोहोचल्यावर ती चार वेगळी अन्नं आहेत. फरक पडतो तो स्टार्चला कधी किती पाणी मिळालं, ते कधी काढून घेतलं, त्यानंतर आच किती वेळ चालू राहिली आणि पदार्थ गरम खाल्ला की निवलेला, यामुळे. हे सगळं ज्यांच्या हातात असतं त्यांना तपासणीच्या खोलीत कुणी बोलावत नाही. माझ्या आत्याला विचारलं तर ती ग्रॅम सांगू शकणार नाही, पण भाकरी किती पातळ, आच किती, रंग कुठे थांबवायचा आणि काल रात्रीची भाकरी सकाळी कशाबरोबर खायची, हे ती न अडखळता सांगेल. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी “काय खाता?” असं विचारलं की मी आधी “कसं करता?” या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवलं आहे. त्यांना वेळ असला तर ऐकतील, नसला तर निदान लाह्यांच्या ओळीवर काट मारून घेईन.